एका चेनीचे दोन वैद्य

रविवारी सकाळी गीतांजलीच्या ओट्यावर दोन भांडी चढत. एकात पोह्यांचा कांदा परतला जाई आणि दुसऱ्यात सायकलची चेन शिजे. शिजे हाच शब्द बरोबर आहे. मोठ्या पातेल्यात उकळतं पाणी, त्यात दुधाचं जुनं पातेलं, त्यात वितळलेलं मेण आणि मेणात चेन. शेजारी तारेचा आकडा हातात धरून तिचा नवरा योगेंद्र असा उभा, की जणू घरात पूजा आहे आणि भटजींनी हलू नका म्हणून सांगितलंय.

योगेंद्र शहरातल्या सदर भागात केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नोकरीला होता. रक्तात साखर निघाली तशी त्यानं गिअरची सायकल घेतली. पहाटे डुमना रोडला चक्कर मारून यायचं, सायकल व्हरांड्यात लावायची आणि मोटरसायकलनं ऑफिस गाठायचं, असा त्याचा क्रम होता. इथवर सगळं ठीक होतं. पुढे त्यानं कुठला तरी व्हिडिओ पाहिला आणि मेण डोक्यात शिरलं.

"तेल ओलं राहते ना, धूळ पकडते," त्यानं गीतांजलीला समजावलं होतं. "मेण सुकून जाते. धूळ येते अन् झडून जाते. चेनीवरून रुमाल फिरवला तर रुमाल पांढरा राहिला पाहिजे, बस."

सायकल आल्यापासून त्याच्या पँटचे काळे पायचे घासत आलेल्या बाईला हे पटायला वेळ लागला नाही. तिनं दुधाचं पातेलं खुशीनं दिलं.

पण रुमाल काही पांढरा राहिना. रविवारी चेन पेट्रोलनं धुऊन, पुसून, मेणात बुडवून, मागच्या अंगणात टांगून थंड केलेली असायची. सोमवारी चकचकीत, मंगळवारी बरी, आणि आठवडा निम्मा सरला की रुमालावर पुन्हा तो काळा राप. योगेंद्र रुमाल उजेडात धरून बघे, हुंगे, बोटानं चोळे. मग म्हणे, "मेणातच काही खोट आहे."

मेणात खोट नव्हती. खोट कुठे होती ते घरात एकट्या गीतांजलीला ठाऊक होतं, आणि ती मूग गिळून बसली होती.

तिचे सासरे बळीराम रांझीच्या फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. बरीच वर्षं त्यांचं झकास चाललं होतं. सकाळी चौक, दुपारी झोप, संध्याकाळी देऊळ. मग सासूबाई गेल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात बाबा न्हाणीत घसरले. हाड मोडलं नाही, पण माणूस मोडला. समोरच्या खोलीतल्या खाटेवर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. जेवायला बोलवलं तर "भूक नाही" म्हणत, उठवलं तर "उठून काय करू" म्हणत. असंच चाललं तर बाबा फार दिवस काढत नाहीत, हे गीतांजलीला दिसत होतं, आणि त्याची तिला खरोखर भीती वाटायची.

एका दुपारी व्हरांड्यात टकटक आवाज आला म्हणून तिनं दाराच्या फटीतून पाहिलं. बाबा स्टूल घेऊन सायकलपाशी बसले होते. हातात लांब चोचीची, बुडाशी दाबायची तेलाची कुप्पी. ती त्यांनी कुठून शोधून काढली देव जाणे. एका हातानं पायडल उलटं फिरवायचं, दुसऱ्या हातानं कडीगणिक एक थेंब सोडायचा. मग चिंधी घेऊन वरचं तेल असं पुसायचं की कोणाला पत्ता लागू नये. फॅक्टरीतली सवय ती.

ती बाहेर आली तसे ते जरा ओशाळले. "चेन कोरडी खट्ट आहे बेटा. साबणानं धुते वाटते तो अन् तशीच सोडते. पांढरं पांढरं साचलं आहे पाहा. त्याले सांगू नको मी तेल घातलं म्हणून. ऑफिसचा माणूस, राहून जाते. त्याले वाईट वाटंल."

स्वयंपाकघरात बाबा फिरकत नसत आणि मेणाचा वास त्यांना येण्याचा प्रश्नच नव्हता, नाक ते फॅक्टरीतच ठेवून आले होते. गीतांजली सांगणार होती, अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या दिवशी बाबांनी आपण होऊन भाकरी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी स्वतःहून आंघोळ केली, कारण तेलाच्या हातानं अंथरुणावर बसवेना. आठवडाभरात ते फाटकापर्यंत जाऊन यायला लागले. तिनं शब्द परत गिळला.

तुम्ही म्हणाल, नवऱ्याला तरी हळूच सांगायचं. पण या घराची एक गंमत होती. बापलेकांत भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता, फक्त बोलणं नव्हतं. पूर्वी सासूबाई मधे असत. "बाबांना म्हण, पेन्शनच्या कागदावर सही पाहिजे." "त्याले म्हण, टेबलावर ठेव." दोघं एका खोलीत, एकमेकांना दिसत असताना. सासूबाईंच्या मागे हे टपालाचं काम गीतांजलीकडे आलं. तिनं योगेंद्रला सांगितलं असतं, तर तो सरळ म्हणाला असता, "बाबांना म्हण, चेनीला हात लावू नका." आणि हे टपाल तिलाच पोचवावं लागलं असतं. मग कुप्पी माळ्यावर आणि बाबा भिंतीकडे. त्यापेक्षा रुमाल काळा झालेला बरा.

म्हणून ती योगेंद्रच्या संशोधनाला हातभार लावत राहिली. घरी वीज गेली की लावायच्या मेणबत्त्यांचं मेण पहिलं होतं. ते फसलं तेव्हा ती म्हणाली, "या मेणबत्त्यांमधे काहीबाही मिसळतात म्हणे." योगेंद्रला हे एकदम पटलं. त्यानं सदरमधून पांढऱ्या पॅराफिनची लादी आणली, खोबऱ्याच्या वडीसारखी कापून वितळवली. तेही काळं पडलं. "धुण्यातच कमी पडून राहिलं असेल," ती म्हणाली. मग पेट्रोलनंतर थिनर आलं, थिनरनंतर स्पिरिट. तरी काळं. "हवेत दमटपणा आहे ना," ती म्हणाली, आणि त्यावर त्यानं दोन संध्याकाळी मोबाईल चाळला.

मग मधमाश्यांचं मेण आलं. त्यासाठी योगेंद्र मझौलीला जाऊन आला. तिथला मध विकणारा म्हणे अस्सल मेण देतो. अस्सल होतं खरंच, इतकं की त्यात थोडा मधही होता. चेन चिकट झाली आणि सकाळी उठून पाहतात तो मुंग्यांची रांग उंबऱ्यावरून येऊन मागच्या चाकावर चढलेली. त्या दुपारी बाबांनी मुंग्या फुंकरीनं उडवल्या, चेन रॉकेलच्या बोळ्यानं पुसली आणि दुप्पट तेल घातलं.

"काय करून राहिला हा, समजत नाही," ते गीतांजलीला म्हणाले. पण चेहरा उजळलेला होता. रोज नवं काही बिघडलेलं सापडायचं आणि रोज ते दुरुस्त व्हायचं.

हे असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. गीतांजलीला तर वाटायला लागलं होतं की आपण दोघांनाही छान सांभाळलंय. मनातल्या मनात ती स्वतःवर जरा खूशच होती. मग एका शनिवारी जेवताना योगेंद्रनं रुमाल ताटाशेजारी ठेवला. काळा.

"बस झालं," तो म्हणाला. "आपल्याच्यानं हे होत नाही. ऑफिसातल्या शशिकांतला सायकल पाहिजे आहे. उद्या शेवटचं मेण लावून साफ करतो अन् देऊन टाकतो. मी चालत जाईन सकाळी."

पलीकडे बसलेल्या बाबांचा हात भाकरीवर थांबला. मग त्यांनी गीतांजलीला विचारलं, "सायकल चालली काय?" आणि योगेंद्रनं गीतांजलीला सांगितलं, "हो म्हण." बाबांनी अर्धी भाकरी ताटात सोडली आणि हात धुतला.

रात्री तिला धड झोप लागली नाही. न सांगून वाचवलेली गोष्टच आता न सांगितल्यामुळे हातची चालली होती.

रविवारी योगेंद्रनं चेन शिजवली, अंगणात खिळ्याला टांगली आणि तो बाजारात गेला. गीतांजली अंगणात येऊन चेनीपुढे उभी राहिली. थंड झालेलं मेण कड्याकड्यांत बसून चेन काठीसारखी ताठ झाली होती. इतके रविवार गेले, पण तिनं हात लावून कधी पाहिलं नव्हतं. तिनं ती खिळ्यावरून काढली, समोरच्या खोलीत नेली आणि बाबांच्या मांडीवर ठेवली.

"बाबा, ही आखडली."

बाबा कुशीवरून उठून बसले. चेन आडवी धरली तर ती वाकेना. "गंजली काय?" ते म्हणाले. मग पहिली कडी दोन अंगठ्यांत धरून त्यांनी उजवीडावीकडे वाकवली. कट् आवाज झाला आणि कडी सुटली. दुसरी. तिसरी. मांडीवर पांढरा चुरा पडू लागला. बाबांनी तो चिमटीत घेतला, चोळला, जिभेवर ठेवला.

"हे साबण नाही."

"नाही बाबा."

"मेण आहे." ते तिच्याकडे बघायला लागले. "चेनीले मेण? कोणी लावलं?"

"त्यांनी. दर रविवारी लावतात. वितळवून त्यात बुडवतात."

मग बाबांनी प्रश्नांची झड लावली. मेण आत कसं शिरते? चेन गरम करून टाकते का थंडी? सुकल्यावर घासून जात नाही काय? काहून पण मेण? तिला जेवढं ऐकून ठाऊक होतं तेवढं तिनं सांगितलं. तेल धूळ पकडतं, मेण पकडत नाही, चेन कोरडी राहावी म्हणूनच हा सगळा खटाटोप. बाबा ऐकत होते, कड्या सुटत होत्या, आणि इतक्या दिवसांत त्यांच्या डोळ्यांत एवढी हुशारी तिनं पाहिली नव्हती.

"म्हणजे तो कोरडी मुद्दाम ठेवते," ते म्हणाले. "मग त्याच्यावर तेल..."

बोटं मात्र थांबली नाहीत. शेवटची कडी सुटेपर्यंत ते खाली मान घालून काम करत राहिले. मग चेन त्यांनी गुंडाळून स्टुलावर ठेवली, धोतरावरचा चुरा झटकला आणि खाटेखालची कुप्पी काढून तिच्या हातात दिली.

"ठेवून दे कुठंतरी," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

गीतांजलीला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. इतके दिवस जपलं आणि शेवटी आपल्याच हातानं घालवलं.

योगेंद्र आला तो थेट अंगणात गेला. चेन नाही म्हणून समोरच्या खोलीत आला. स्टुलावरची चेन उचलली तर ती सुतळीसारखी हातातून ओघळली. तो दचकलाच. त्यानं तिची दोन टोकं धरली, वर केली, खाली सोडली, पुन्हा वर केली.

"ही कोणी मोकळी केली? मी चालवून चालवून करतो तरी अर्ध्या कड्या आखडूनच राहतात."

"बाबांनी."

"हातानं?" तो चेनीकडेच बघत होता. "त्यांना विचार बरं, कसं केलं."

बाबा चार हातांवर होते. गीतांजलीचं तोंड सवयीनं उघडलं. 'बाबा, हे विचारतात' एवढे शब्द जिभेवर आलेही. मग तिचं तिलाच काय झालं कोण जाणे, तिनं तोंड मिटलं.

"तुम्हीच विचारा," ती म्हणाली. "मी नाही विचारत." आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

आत जाऊन तिनं काहीच केलं नाही. ओट्याला धरून उभी राहिली. बाहेर पंख्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही. मग खाट करकरली.

"तेल मी घालत होतो," बाबांचा आवाज आला. "रोज. दुपारी. मले माहीत नव्हतं मेण आहे म्हणून."

गीतांजलीनं डोळे मिटून घेतले. पेट्रोल, थिनर, स्पिरिट, मझौलीची चक्कर, मुंग्या, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. योगेंद्रच्याही जात असणार. तो काय बोलेल यावर आता बाबांचं उठणं-बसणं, जेवणखाण सगळं होतं, आणि तिला मधे पडता येत नव्हतं.

"कोणतं?" योगेंद्र म्हणाला.

"काय कोणतं?"

"कोणतं तेल, बाबा?"

"शिलाई मशीनचं," बाबा म्हणाले. "आधी खोबरेल घालून पाहिलं होतं. ते थंडीत गोठते."

"गोठते? अन् मग?"

"मग चेन कुरकुर करते. तू ऐकलं नाही काय? जानेवारीत."

"ऐकलं ना. मले वाटलं मेण कच्चं आहे." आणि योगेंद्र हसला. खाट पुन्हा करकरली, या वेळी जरा जड, दोघांच्या वजनानं. "तुम्ही घालत होते तर मग मेणबत्तीचं मेणही चांगलंच असेल. मधमाशीचंही असेल. आता परत सगळं पाहावं लागते, पहिल्यापासून."

"दोन चेनी घे," बाबा म्हणाले. "एकीले तुझं मेण, एकीले माझं तेल. पाहू कोणती किती काळी होते."

"शशिकांतला काय सांगू?"

"त्याले म्हण, चालत जा."

गीतांजलीनं चहा टाकला. आलं ठेचताना तिला रडू आलं, आणि ती ते पदरानं पुसायच्याही भानगडीत पडली नाही. कप घेऊन ती बाहेर आली तेव्हा दोघं खाटेवर शेजारी बसले होते, चेन दोघांच्या मांड्यांवर आडवी. योगेंद्र एक कडी वाकवून दाखवत होता, बाबा त्याचा अंगठा धरून नीट जागी बसवत होते. दोघांनी कप घेतले. तिला निरोप कोणीच दिला नाही.