झेक्सेनच्या शेतातली सळई

झेक्सेनच्या शेतात सगळं गाव जमलं होतं. मांत्रिक तुर्लिबेकने लोखंडी सळई जमिनीत खुपसली. वीतभर जाऊन ती अडली. मग मेंढी कापली, मंत्र झाले, आणि दोन पावलं पुढे सरकून त्याने पुन्हा सळई दाबली. हातभर आत गेली. बायका रडायला लागल्या.

"पूर्वजांनी रागाने खाली झाकण घातलंय," तुर्लिबेक म्हणाला. "तुम्ही लांब दातांच्या यंत्राने त्यांना टोचलंत. यंत्र गेलं, झाकण उघडलं."

जमिनीचा खालचा कडक थर फोडायचं ते यंत्र खरंच गेलं होतं. तुर्लिबेकच्या सांगण्यावरून सकाळीच झेक्सेनने ते ओढत नेऊन खाऱ्या तळ्यात ढकललं होतं. तीन वर्षं त्याचा गहू गुडघ्याला लागला नव्हता. येत्या हिवाळ्याचं बर्फ वितळून जमिनीत मुरलं नाही, तर चंबूगबाळं उचलून शहरात भावाच्या दारात जायचं, एवढंच त्याच्यापुढे उरलं होतं.

मी इथे तीस वर्षं ट्रॅक्टर हाकला. खालचा थर आमच्याच चाकांनी दाबून दगड केलाय. तो पूर्वजांच्या नावावर कशाला घालायचा?

"तुर्लिबेक, एक पाऊल बाजूला हो आणि तिथे खुपस," मी म्हणाले.

"कुल्झान आपा, पूर्वजांची परीक्षा घेता?"

"त्यांची नाही, तुझी."

तो हलेना. मग सळई मीच घेतली. एक पाऊल बाजूला दाबली, वीतभरावर अडली. जिथे गव्हाची धसकटं दाट होती, तिथे दाबली, तर सरळ आत. पुढच्या दाट ओळीतही तेच. मेंढी नाही, मंत्र नाही.

"झेक्सेन, गेल्या शरदात यंत्राचा खिळा तुटेपर्यंत आपण किती फेऱ्या मारल्या?"

"दोनच. या कोपऱ्यात."

"या त्याच्याच दातांच्या रेघा. तिथे थर फुटला, पाणी मुरलं, गहू दाट आला. आपण रडत बसलो, या तुर्लिबेकने धसकटं बघितली."

तुर्लिबेक मेंढीचं कातडं गुंडाळून कधी सटकला, कळलंही नाही.

झेक्सेन तळ्याकडे वळला. "आपा, मी माझ्या हाताने बुडवलं."

मला फार वाईट वाटलं. दहा दिवसांत जमीन गोठणार होती, त्याआधी थर फोडायला हवा होता. आम्ही साखळ्या घेऊन तळ्यावर गेलो. यंत्र चिखलात निम्मं रुतलं होतं. दुपारपर्यंत साखळी दोनदा तुटली. तिसऱ्यांदा बांधली तेव्हा सकाळी रडणाऱ्या बायकाही पाण्यात उतरल्या.

तुमच्याकडे कुणी चमत्कार घेऊन आला, तर त्याच्याशी भांडू नका. एवढंच म्हणा, एक पाऊल बाजूला हो आणि पुन्हा करून दाखव. फक्त ते यंत्र बुडवायच्या आधी म्हणा.