वैजयंतीची पेज

टायफॉइडने सुनंदाची, म्हणजे माझ्या बायकोची, अन्नावरची वासनाच उडवली. ताप गेला, पण वरण-भात, खिचडी, दलिया, सगळं ताटातच राहायचं. पोटात जायची ती फक्त एक गोष्ट: चीनमध्ये नोकरी करणाऱ्या आमच्या ऋचाने पाठवलेल्या पांढऱ्या दाण्यांची पेज. तिकडचे वैद्य अशक्त पोटाला हीच देतात म्हणे. हे औषध की जेवण, असं मी विचारलं, तर पोरगी म्हणाली, दोन्ही. रेल्वेत पस्तीस वर्षं मी प्रत्येक गोष्ट नेमक्या रकान्यात भरली. हिचा रकाना मला सापडेना.

सोमवारी पुडा संपला. दोन दिवस सुनंदाने नुसतं पाणी घेतलं. उद्यापर्यंत काही खाल्लं नाही तर भरती करा, असं डॉक्टरांनी बजावलं. मी घाबरून ऋचाला फोन लावला. नवा पुडा यायला दहा दिवस. बोलता बोलता ती म्हणाली, की आईच्या जपाच्या वैजयंती माळेत हेच दाणे असतात. मी चक्रावलो. ज्यांवर बायको चाळीस वर्षं रामनाम मोजते, ते तिकडे शिजवून खातात?

आमच्याकडे महाकाळाच्या देवळामागच्या गल्लीत या माळा ढिगाने मिळतात. दुकानदार म्हणाला, "अंकल, पॉलिश चढ़ी है, पेट में गई तो मेरी जिम्मेदारी नहीं." हात हलवत नानाखेड्याला घरी परतलो. सुनंदा झोपली होती. देव्हाऱ्यात तिची माळ होती, बिनपॉलिशची, तिच्या आईने ओवलेली. मी पाप करतोय की उपचार, काही कळेना. दोरा कापला आणि एकशे आठही मणी धुऊन कुकरमध्ये टाकले.

बारा शिट्ट्या झाल्या, तरी मणी दगडच. पुन्हा फोन केला तेव्हा कळलं, खायच्या दाण्याचं टरफल काढलेलं असतं आणि त्याचा वाणही मऊ असतो. मी ऋचावरच डाफरलो. चूक माझी होती, म्हणून जरा जास्तच.

शिट्ट्यांनी जागी होऊन सुनंदा भिंतीला धरत ओट्याशी आली. तिने कुकरमध्ये पाहिलं, मग कापलेल्या दोऱ्याकडे. मला रडूच फुटलं.

"तू जेवत नव्हतीस," एवढंच मी म्हणालो.

"अहो, मीठ तरी घातलंत का?"

ती स्टुलावर बसली. कुकरमधलं गढूळ पाणी तिने वाटीत घेतलं, मीठ घातलं आणि चमच्याने पिऊ लागली. प्रत्येक चमच्याआधी तिचे ओठ हलत होते. राम. राम. मी मोजत होतो. सत्ताविसाव्या चमच्याला वाटी संपली.

"एक्क्याऐंशी राहिले," ती म्हणाली. "थोडा भात टाका आता."

तांदळाचा डबा कुठे असतो, हे मला तिलाच विचारावं लागलं.