माळावरचा वळसा

मी बोजू बोलतेय. आमच्या पहाडात आजीला बोजू म्हणतात, आणि मानेभंज्यांगच्या गाडीतळावर माझ्याएवढं वय दुसऱ्या कुणाचं नाही, म्हणून मला हे नाव पडलं. जातीने मी लँडरोव्हर. सत्तर वर्षांपूर्वी विलायतेत घडले, बोटीने कोलकात्याला उतरले आणि तिथून पहाडातल्या एका चहाच्या मळ्यात आले. अंग माझं ॲल्युमिनियमचं, त्यामुळे गंज चढत नाही. बाकी चढायचं ते सगळं चढलंय.

मळ्याच्या साहेबाकडे मी पंचवीस वर्षं काढली. मग नवी जीप आली आणि मला शेडमागे नेऊन उभं केलं. तिथल्या तीन वर्षांत एका कोंबडीने माझ्या मागच्या सीटवर चार वेळा पिल्लं काढली. रोज समोरून जाणारी माणसं, ज्यांना मी पावसापाण्यात घरी सोडलं होतं, ती माझ्याकडे पाहीनाशी झाली. राग नाही, पण लक्षात आहे.

मला तिथून उठवलं ते हर्कमान राईने. तेव्हा तो मळ्यातला बावीस-तेवीस वर्षांचा फिटर होता. एके सकाळी त्याने कोंबडीला दोन्ही हातांनी उचलून अलगद खाली ठेवलं, माझं बोनेट उघडलं आणि म्हणाला, “चल, तुला संदकफू दाखवतो.” त्या दिवसापासून आजतागायत मी त्याचीच. इंजिन दोनदा बदललं, सीट किती वेळा शिवल्या ते आठवत नाही, पण माझ्या स्टिअरिंगवर हात एकाच माणसाचा राहिला.

मानेभंज्यांगहून संदकफूच्या शिखराची चढण म्हणजे सगळा दगडांचा रस्ता. आता मधेमधे सिमेंट झालंय, त्याने मला उलट चुकल्यासारखं होतं. हिवाळ्यात वर मुक्काम पडला की हर्कमान संध्याकाळीच माझ्या पोटातलं पाणी सोडून देतो, नाहीतर थंडीने ते गोठून इंजिन फुटायचं. सकाळी चुलीवरचं गरम पाणी ओततो, चाकांना साखळ्या बांधतो, पुढून हँडल मारतो आणि मी खोकत खोकत उठते. नव्या गाड्या किल्ली फिरवली की चालू होतात. होवोत बापड्या.

बर्फ पडला की आमच्याकडे एक रीत आहे. सगळ्यात जुन्या, जाणत्या ड्रायव्हरने पुढे जायचं आणि कोऱ्या बर्फात चाकोरी पाडायची. मागच्यांनी त्याच चाकोरीत चाक घालायचं, इकडेतिकडे बघायचं नाही. गेली अठरा वर्षं तो मान हर्कमानचा, म्हणजे माझाही. फुर्बा शेर्पा त्याचा जुना दोस्त, त्याची हिरवी गाडी नेहमी माझ्या मागे दुसरी. तो म्हणायचा, “हर्के, तू दरीत गेलास तर मी पण येणार. चाकोरी सोडायची नाही म्हणजे नाही.” आणि सगळे हसायचे.

दोन वर्षांपूर्वीपासून हर्कमान माझी पुढची काच फार पुसायला लागला. काच स्वच्छ असायची, तरी पुसायचा. बटाटा कापून चोळायचा, चुलीतली राख चोळायचा, बाहीने पुसायचा. शेवटी विश्वकर्मा पूजेच्या आधी त्याने सिलिगुडीहून नवी काच आणून बसवली. दुसऱ्या दिवशी धुकं नसताना, लख्ख उन्हात, त्याने ती नवी काच पुसली. तेव्हा मला कळलं की धुकं माझ्या काचेवर नाही.

त्याला कळलं होतं की नाही, देव जाणे. कळलं असावं, कारण रिकाम्या वळणावरही तो हॉर्न द्यायला लागला होता. पण रस्ता त्याला पाठ होता. कुठला दगड कुठल्या चाकाखाली कसा वाजतो, हे तो कानाने ओळखायचा. दरवर्षी गाडी तपासायला माणूस येतो, माझे दोन्ही दिवे लावून बघतो, कागदावर शिक्का मारतो. ड्रायव्हरचे डोळे बघायचं त्याच्या कागदात कुठे लिहिलेलं नसतं.

बर्फात मात्र दगड वाजत नाहीत.

ही गोष्ट गेल्या माघातली. आम्ही सात गाड्या वर निघालो होतो. माझ्यात कोलकात्याचं एक कुटुंब होतं, आजोबांपासून नातीपर्यंत सगळे माकडटोप्या घालून. शिखराच्या थोडं खाली याकांच्या चराईचा सपाट माळ आहे. रस्ता त्याच्या मधून सरळ जातो, आणि माळ संपला की शंभर पावलांवर एक आखूड वळण आहे. त्या वळणाच्या कडेला खाली काही नाही. नुसती हवा.

माळावर आलो तेव्हा सगळं पांढरं झालं होतं. माझं पुढचं उजवं चाक मऊ लागलं. बर्फाखाली दगड नव्हते, गवत होतं. हर्कमान रस्ता सोडून माळावर उतरला होता. मी काय करणार? इंजिन थोडं घरघरवलं. त्याचे हात एकदम घट्ट झाले. त्याने हळूहळू मला डावीकडे आणलं, आणि चाकांना दगड लागेपर्यंत अर्धचंद्रासारखा एक मोठा वळसा पडला. माळ सपाट म्हणून काही झालं नाही. हीच चूक शंभर पावलं पुढे झाली असती तर मी आज बोलत नसते.

पण गंमत पुढेच आहे. माझ्यामागे फुर्बाची हिरवी गाडी होती. तिनेही तस्साच वळसा घातला. मग तिसरीने, चौथीने, पार सातवीपर्यंत. सरळ रस्ता डोळ्यांसमोर मोकळा पडलेला असताना सात गाड्या रिकाम्या माळावर कशाला तरी वळसा घालून गेल्या.

वर हर्कमानची मुलगी सबिना प्रवाशांसाठी खानावळ चालवते. हिला गाडी शिकवली हर्कमाननेच, माझ्यावरच. लायसन्स काढून तिला चार वर्षं झाली, पण रस्त्यावर मला तिच्या हातात त्याने कधी दिलं नाही. कारण विचारलं की म्हणायचा, “बोजूला दुसऱ्याचा हात चालत नाही.” मला कुणी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी माझं पाणी सोडून मला खानावळीच्या भिंतीला लावलं. आत चुलीभोवती सगळे ड्रायव्हर तोंगबा, म्हणजे भरड धान्याची गरम दारू, नळीने ओढत बसले होते. खिडकीतून मला सगळं ऐकू येत होतं.

“दाजू, माळावर काय होतं हो?” एकाने हर्कमानला विचारलं. आमच्याकडे थोरल्या भावाला दाजू म्हणतात.

हर्कमान काही बोलायच्या आत दुसराच म्हणाला, “खाली पाणी गोठलं असणार. वरून दिसत नाही. दाजूंना चाकातून कळतं.”

“पाणी नव्हे, खड्डा. मागे एक याक गेला होता तिथे.”

“अरे, देवतेची जागा असेल. ओलांडायची नसते.”

“तुम्ही गप्प बसा,” फुर्बा म्हणाला. “हर्केने वळवली म्हणजे काहीतरी होतं. त्याशिवाय हा म्हातारा डिझेल जाळेल का?”

हर्कमान नुसतं “हं” म्हणाला. सबिना थुक्प्याचं, शेवयांचं गरम सूप वाढत होती. तिच्या खिडकीतून तो माळ स्वच्छ दिसतो.

सकाळी ती गरम पाण्याची किटली घेऊन बाहेर आली आणि माझ्या रेडिएटरमध्ये पाणी ओतायला लागली. हर्कमान साखळ्या बघत होता.

“बा, काल माळावर काय होतं?”

“बर्फाखाली पाणी होतं.”

“मी पहाटेच जाऊन आले. काठीने टोचून पाहिलं सगळीकडे. नुसतं गवत आहे.”

तो साखळीची कडी पुन्हा पुन्हा आवळत राहिला.

“नवी काच घातलीत ना?”

“घातली की.”

“धुकं गेलं?”

तिने किटली खाली ठेवली. “बरं, फुर्बाकाकांची गाडी कुठे उभी आहे ते सांगा.”

हर्कमानने अंगणात नजर फिरवली. “ती काय, हिरवी.”

“ती सरपणावरची ताडपत्री आहे, बा.”

मला त्या वेळी फार वाईट वाटलं. चाळीस-बेचाळीस वर्षांत मी त्याला इतका लहान झालेला पाहिला नव्हता. तो माझ्या मडगार्डवर बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “उतरताना तू शेजारी बस. मला सांगत जा. कुणाला कळणार नाही.”

“तुम्हाला सांगेन. मागच्या सहा जणांना कोण सांगणार? ते तर डोळे मिटून तुमच्या मागे येतात. काल आलेच की.”

“अगं, पण हे गेलं की माझ्याकडे उरतं काय?” तो म्हणाला. “गाडीतळावर कुणाच्या पंक्तीला बसू?”

सबिनाने पदराने हात पुसले आणि त्याच्या शेजारी मडगार्डवर टेकली. मला दोघांचं वजन कळत होतं. त्याचं बरंच कमी झालं होतं.

मग तो उठला. ड्रायव्हर गाड्या गरम करून आमची वाट बघत उभे होते. रात्री पुन्हा बर्फ पडला होता, रस्ता कोरा होता. हर्कमान त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि टोपी काढली.

“काल माळावर काही नव्हतं,” तो म्हणाला. “मला रस्ता दिसला नाही, म्हणून वळसा पडला. डोळे गेलेत माझे. आजपासून माझ्या मागे येऊ नका.”

इंजिनं तेवढी घरघरत होती. शेवटी फुर्बाने घसा खाकरला.

“तुला दिसलं नाही, म्हणून तू वळलास. ते समजलं. मला तर लख्ख दिसत होतं. मग मी कशाला वळलो?”

“मला वाटलं, फुर्बादाजूंना माहीत असेल,” तिसरा म्हणाला.

“आणि मला वाटलं, तुला,” चौथा म्हणाला.

मग जे हसू फुटलं ते थांबेना. हर्कमानही हसला, आणि हसता हसता त्याने टोपीने डोळे पुसले. फुर्बा माझ्याजवळ आला, माझ्या बोनेटवर थाप मारली आणि म्हणाला, “चाकोरी बोजूचीच. ती पुढे जाईल. चालवायचं कुणी, ते तुमच्या घरातलं बघा.”

हर्कमानने खिशातून किल्ली काढली. ती सबिनाच्या हातात ठेवताना त्याने मूठ लगेच सोडली नाही, पण सोडली. कोलकात्याच्या आजोबांनी विचारलं, “ड्रायव्हर बदलला की काय?” तर आजीबाईंनी माकडटोपी वर करून सबिनाकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “बसा तुम्ही. मुलगी हळू चालवेल.”

आयुष्यात पहिल्यांदा हर्कमान माझ्या डाव्या सीटवर बसला. तिथे ब्रेक नाही, तरी उतार लागला की याचा पाय खालचा पत्रा दाबायचा. सबिनाचे हात गार होते. तिचा हात मला चालला. हेही कुणी विचारलं नाही, म्हणून इथे सांगते.

ते आखूड वळण आलं तशी तिची पकड घट्ट झाली. माझी मागची चाकं जराशी सरकली.

“ब्रेकला पाय लावू नकोस,” हर्कमान म्हणाला. त्याने डोळे मिटून घेतले होते. “पहिल्या गिअरवरच राहू दे. उजव्या अंगाला कातळ आहे, त्याला धरून चल. कातळ संपला की एक श्वास घे आणि मग वळव. बोजूला माहीत आहे.”

सबिनाने कातळ धरला, श्वास घेतला आणि वळवली. माझी चारही चाकं दगडांवर होती. दरी डावीकडे राहिली आणि मागे गेली. मागे आजीबाई कसलासा जप करत होत्या, तो थांबला.

मग माळ आला. सबिनाने मला मधून सरळ नेलं, जसा रस्ता आहे तसं. हर्कमान पुटपुटला, “दगड लागताहेत. बरोबर आहे.” आणि खिडकीकडे तोंड करून बसला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला ठाऊक होतं.

एवढ्यात मागून हॉर्न वाजला. मग दुसरा. मग सगळेच वाजायला लागले. हर्कमानने कान टवकारले.

“पोरी, हे आवाज बाजूने कसे येताहेत? रस्ता तर मागे आहे.”

सबिनाने आरशात पाहिलं.

“माळावरून येताहेत, बा. फुर्बाकाका पुढे आहेत. तुमचा कालचा वळसा घालताहेत. सगळे.”

हर्कमानने हात लांब केला, स्टिअरिंगच्या मधोमध चाचपडून माझा हॉर्न शोधला आणि तो दाबून धरला.

चैत्रात फुर्बा त्याला सिलिगुडीला घेऊन गेला. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. परत आल्यावर तो माझ्यासमोर उभा राहून काच निरखत बसला आणि म्हणाला, “जुनी काय वाईट होती?” आता त्याला दिसतं. पण बर्फ पडला की तो मुकाट्याने डाव्या सीटवर जाऊन बसतो आणि पत्रा दाबत राहतो. तिथला पत्रा आता खोलगट झालाय.

मी आणखी किती हिवाळे खोकत उठेन, सांगता येत नाही. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी माघात वर आलात, बर्फ पडलेला असला, आणि सपाट माळावर तुमची गाडी सरळ रस्ता सोडून उगाच एक मोठा वळसा घालायला लागली, तर ड्रायव्हरला का म्हणून विचारू नका. तो सांगेल की खाली पाणी गोठलंय. तुम्ही फक्त पुढे बघा. सरळ रस्त्याने एक म्हातारी गाडी चाललेली दिसेल. तिला ऐकू जाईल एवढा एक हॉर्न द्यायला सांगा.