चार बोटं आखूड

जंगलवाटांसाठी उंच केलेल्या जीपला शॉकर, म्हणजे चाकाचे धक्के झेलणारा दांडा, निवडायचा तर आधी तिचं चाक हवेत लोंबकळू द्यायचं, हे इरावतीला बाबांचे मित्र अच्युतकाकांनीच शिकवलं. रविवारी सकाळी, अंगणात, बाबांच्या जीपपाशी.

"जुना शॉकर सोडव आधी, नाहीतर तोच चाकाले धरून ठेवते. आता पाहा, किती खाली आलं! वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत टेप लाव. याच्याहून आखूड घेतला का संपलं. चाक खड्ड्यात उतरलं की शॉकर ओढल्या जाते, बोल्ट तुटते, गाडी फेकल्या जाते. आजकालचे पोट्टे रंग पाहून घेऊन राहिले, माप कोणी घेत नाही."

बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. बारनवापाऱ्याच्या जंगलातल्या एका नाल्यात जीप उलटली. तेराव्याला काकाच सगळ्यांसमोर म्हणाले होते, "हजारदा सांगतलं त्याले, हळू चालवत जा." तेव्हापासून फोटोचा हार बदलताना आई एवढंच म्हणे, "यांना आपली हौस प्यारी होती. आम्ही नव्हतो." इरावतीनंही ते मानलं होतं, आणि मनातल्या मनात ती बाबांशी कितीदा तरी भांडली होती.

उलटताना तुटलेला शॉकर काकांनी तेव्हाच भंगारात टाकला होता. आत्ता सोडवलेला हा त्याचा जोडीदार. सहज म्हणून तिनं तो शेवटापर्यंत ओढला आणि टेप लावला. मग पुन्हा लावला.

"काका, हा चार बोटं आखूड आहे."

"जुना आहे. आकसला असन."

"लोखंड आकसतं?"

काका हसले. "वकिलीण झाली का तू?"

"बाबा म्हणायचे, अच्युतनं उंच गाडीसाठी खास नागपूरहून मागवून दिले."

"खास म्हणजे... माझ्याच गाडीचे होते. मी माझी उंच केली तेव्हा निघाले. बिलकुल चांगले होते, बेटा. त्याले घाई होती. म्हटलं लाव, चालून जाते."

"आणि तुमच्या गाडीला कोणते लावले?"

काका टेप गुंडाळू लागले. "ते... मापाचे."

"हे आईला सांगा."

"आता सांगून काय होईन? गेला तो. वहिनीले कशाले त्रास?"

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. काकांनी कप घेतला.

"आई, काकांना तुला काही सांगायचंय."

"काय भाऊजी?"

"काही नाही वहिनी. पोट्टी उगाच दिल छोटा करून राहिली. मी म्हटलं, तो जरा हळू चालवता तर..."

आईच्या तोंडावर तरी ते खोटं बोलणार नाहीत, असं इरावतीला वाटलं होतं. तिनं शॉकर उचलला, वरचं टोक बोल्टला लावलं आणि पुरता ओढून धरला. खालचं टोक बोल्टपर्यंत पोचलंच नाही.

"बघ आई. चाक खोल खड्ड्यात गेलं की हे तुटणारच. बाबा कितीही हळू गेले असते तरी. हे काकांच्या गाडीचे उतरलेले आहेत. स्वतःला त्यांनी माप घेऊन नवे बसवले."

आई वाकली. शॉकर आणि बोल्टमधल्या त्या मोकळ्या जागेत तिनं आपली चार बोटं घालून पाहिली. काका म्हणाले, "वहिनी, मले काय माहीत होतं का असं..."

आईनं त्यांच्या हातातला भरलेला कप काढून घेतला.

"तुम्ही निघा आता, भाऊजी."