छातीचा फोटो

सत्यवतीने सुईशेजारचा स्क्रू पिळला, कापड दाबून धरणारा मशीनचा पाय काढला आणि रॉकेलच्या वाटीत टाकला. टणकन आवाज झाला. बाहेर बाल्कांवात, दारापुढच्या ओसरीवर, आरामखुर्चीत पडलेल्या कृष्णनाथाने मान वळवली असणार, हे तिला न बघताही कळलं. त्याचं उजवं अंग पडून दुसरं वर्ष लागलं होतं, जीभ जड झाली होती, पण कान शाबूत होते. मशीन वाजलं की मान वळायचीच.

मशीन साफ करण्याचं फर्मान गोकुळदासाचं. गोकुळदास म्हणजे कृष्णनाथाच्या थोरल्या भावाचा मुलगा. म्हापशाला बसस्टँडजवळ त्याचं टेलरिंगचं दुकान होतं. गणेशचवथीला घरी आला तेव्हा काकाच्या पायाशी बसून म्हणाला, मशीन इथे गंजत पडण्यापेक्षा मी घेऊन जातो, तुमच्या हाताचं मशीन माझ्या दुकानात चालत राहील, दसऱ्याचा दिवस चांगला. कृष्णनाथाने मान हलवली. झालं, ठरलं. सत्यवती तेव्हा आत नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळत होती. ते ऐकताना कढईतली नेवरी उलटायची राहिली आणि करपली. त्या करपलेल्या नेवरीबद्दल मात्र दोघांनीही तिला विचारलं.

मशीन पोर्तुगिजांच्या वेळचं, जर्मन बनावटीचं, काळं कुळकुळीत, पायाने चालवायचं. अर्ध्या लाटंबार्शे गावाचे शर्ट, चड्ड्या आणि चोळ्या त्याच्यावर शिवून झाल्या होत्या. शिवणारा कृष्णनाथ. सत्यवतीच्या वाटेला काजं, बटणं, तुरपाई आणि इस्त्रीचे कोळसे फुंकणं. लग्न होऊन आली तेव्हा एकदा ती हौसेने मशीनवर बसली होती. त्याने तिला उठवलं होतं. मशीनला एकाच माणसाच्या पायाची सवय असते, दुसऱ्याचा पाय लागला की ते बिघडतं, असं त्याचं म्हणणं. पहिली काही वर्षं तिला ते खरंच वाटलं. नंतर खरं वाटेनासं झालं, तरी ती गप्पच बसली. आता तिला राग यायचा तो त्या गप्प बसण्याचा.

तर त्या दुपारी तिने मशीन पुसलं, तेल घातलं आणि भुईवर बसून त्याच्याकडे बघत राहिली. मग उठली, स्टुलावर बसली, कातरणांतलं एक फडकं सुईखाली सरकवलं आणि पाय मारला. वाटीतला पाय परत लावायचं तिला भानच नव्हतं. सुई खाली-वर होऊ लागली, पण फडक्याला धरणारं कोणीच नव्हतं. ते डावीकडे गेलं, गर्रकन फिरलं, आणि टीपही त्याच्याबरोबर फिरली. बाहेरून जड जिभेचा आवाज आला.

"पाय नाय लावलंस."

सत्यवती त्या फिरलेल्या टिपेकडे बघत होती. शिंप्याच्या घरात जन्म काढून तिने सरळ टीप सोडून दुसरी पाहिली नव्हती. मशीनची टीप कोपऱ्यावर वळते, तीसुद्धा कापड उचलून, नीट बेत करून. ही मात्र हात जाईल तिकडे गेली होती, वाकळीवर बायका हाताने वेलबुट्टी घालतात तशी. ट्रंकेत तिची अर्धी वाकळ दोन वर्षं पडून होती. जुन्या लुगड्यांचे तीन थर, आणि त्यातून सुई ओढताना अंगठा असा ठणकायचा की डोळ्यांत पाणी यायचं. तिच्या हातची वाकळ आजूबाजूच्या वाड्यांवर बायका मागून न्यायच्या. अंगठ्याने ते संपवलं होतं. मशीन गेलं की कायमचंच संपणार होतं, हे तिला त्या फडक्याकडे बघताना स्पष्ट समजलं.

तिने पाय वाटीतच राहू दिला.

दुसऱ्या दिवसापासून घरकाम आटपलं की ती मशीनवर बसू लागली. सोपं काही नव्हतं. कापड वरून छान दिसायचं आणि उलटून बघावं तर खाली दोऱ्याचा गुंता, झाडूने गोळा केलेल्या केसांसारखा. दोरा बदलला, बॉबीन बदललं, मशीनला दोन शिव्याही घातल्या. मग एकदा चुलीपुढे बसून भाकरी थापताना तिला आठवलं की शिवायला लागण्याआधी कृष्णनाथाचा हात मशीनच्या पाठीमागे जायचा आणि 'खट्' व्हायचं. पाय खाली-वर करणारी दांडी खाली पडायची ती. इतकी वर्षं रोज ऐकलेलं ते खट् या दिवसांत एकदाही झालं नव्हतं. पाय काढलाय, दाबायला काही नाही, मग दांडी कशाला खाली टाकायची, असा तिचा साधा हिशेब होता. पण दांडी खाली पडल्याशिवाय वरचा दोरा ताणातच येत नव्हता. पिठाच्या हातांनीच ती उठली आणि दांडी पाडली. खाली गुंता आला नाही.

बाहेर कृष्णनाथ ऐकत होताच. तिला शिकवावं असं त्याच्या मनात मुळीच नव्हतं, त्याला फक्त दुसऱ्याची चूक बोलून दाखवायची जन्माची खोड. सुई तुटली की आतून काही सांगायच्या आधी बाहेरून यायचं, "ओढलंस." पाय जोरात पडले की, "घाई." ती दात ओठ खायची, आणि पुढच्या वेळी ओढायची नाही. असं करत करत तिला हातांची आणि पायांची वेगवेगळी चाल जमायला लागली, पाय जलद आणि हात सावकाश. त्याच्या खोडीचा असा उपयोग होतोय हे त्याला कळू नये, एवढीच काळजी ती घ्यायची.

उरला प्रश्न दात्यांचा. सुईखालचे लोखंडी दाते कापडाला सारखे पुढे ढकलायचे, आणि तिला तर न्यायचं असायचं भलतीकडे. दाते झाकायला काहीतरी पातळ आणि गुळगुळीत हवं होतं. पुठ्ठा लावून पाहिला, तो फाटला. पत्रा लावला, त्याने लुगडं फाडलं. आर्मारामागे, कपड्यांच्या कपाटाआड, एका मोठ्या लिफाफ्यात कृष्णनाथाच्या छातीचा काळा फोटो होता, अंग पडलं तेव्हा म्हापशाच्या इस्पितळात काढलेला. पुढच्या वेळी डॉक्टर मागेल म्हणून त्याने तो जपून ठेवायला लावला होता. सत्यवतीने तो बाहेर काढला, खिडकीशी, जनेलाच्या उजेडात धरला. नवऱ्याच्या बरगड्या पहिल्यांदाच इतक्या नीट बघितल्या. मग त्याचीच मोठी कातर घेतली आणि बरगड्यांच्या बाजूचा एक तुकडा कापला. तापवलेल्या दाभणाने त्याला भोक पाडलं, चिकटपट्टीने दात्यांवर बसवला. कापड त्याच्यावरून लोण्यावरून सरकावं तसं सरकलं.

शेजारची यशोदा उडीद मागायला आली आणि मशीनवरची वाकळ बघून दारातच थबकली. वाकळ ती हाताची, म्हणाली, मशीनवर कोण वाकळ शिवतं, आणि ही काय शिवण म्हणायची, मुंग्या फिरल्यासारखी. सत्यवती म्हणाली, मुंग्याच आहेत, आता कुठे वाट सापडली आहे त्यांना. यशोदा हसली, पण जाताना वाकळीचं टोक दोनदा चाचपून गेली.

त्या संध्याकाळी कृष्णनाथाला पेज भरवताना सत्यवतीने आपल्याला काय हवं ते सांगून टाकलं.

"मशीन माका व्हया."

त्याने घास गिळला. बराच वेळ लागला त्याला.

"तुका कित्याक? एक टीप सरळ येणा नाय."

"माका सरळ नकोच आसा."

"गोकुळदासाक शबूद दिलो आसा."

"माका कोणी इचारल्यान?"

त्याने तोंड फिरवलं. तिने पेजेची वाटी त्याच्या डाव्या हाताशी ठेवली आणि उठली. त्या दिवशी उरलेली पेज त्याने आपली आपण प्याली, अर्धी सदऱ्यावर सांडत.

खंडेनवमीला सकाळीच गोकुळदास आला. झेंडूची फुलं, पेढे आणि काकासाठी मऊ पाव घेऊन आला. मुलगा वाईट नव्हता. उद्या दुपारी टेंपो येईल म्हणून सांगितलं, आणि आपणच केरसुणी घेऊन मशीनभोवतालची जागा झाडायला लागला. या घराची नवमीची रीत त्याला पाठ होती. हत्यारं धुऊन-पुसून, रिकामी करून पूजेला मांडायची. सुईत दोरा नसावा, इस्त्रीत निखारा नसावा. एकदा गंध लागलं की दसऱ्याला दुपारी नैवेद्य होईपर्यंत हत्याराला कोणी कामाला लावायचं नाही, त्यांचा तो विसावा. कृष्णनाथाने ही रीत कधी मोडली नव्हती. एका नवमीला खाणीवरच्या साहेबाच्या लग्नाचा कोट अर्धा राहिला होता, तरी त्याने कातर उचलली नव्हती.

पाटावर कातर, मापाची पट्टी, कोळशाची इस्त्री मांडली गेली. कृष्णनाथाला धरून मशीनसमोरच्या खुर्चीवर बसवलं. आणि मशीनवर सत्यवतीची वाकळ तशीच होती, सुई तिच्यात रुतलेली, दोरा ओवलेला.

"काकी, ह्यां आदी काढूया," गोकुळदासाने वाकळीचं टोक उचललं.

"काढूचंय नाय," सत्यवती म्हणाली. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हात पदराला पुसत.

गोकुळदासाने काकाकडे बघितलं. काका आता काकीला दोन शब्द सुनावेल, अशी त्याची खात्री होती. सत्यवतीचीही होती. तिने उत्तरं रात्रीच ठरवून ठेवली होती, आणि गरज पडली तर त्या स्टुलावर बसून मशीन चालू करायचं, नवमी असो की दसरा, हेही ठरवलं होतं. पाप लागलं तर लागू दे.

पण गोकुळदासाने उचललेल्या टोकाखाली कृष्णनाथाला काहीतरी काळं चमकताना दिसलं होतं. तो डाव्या बाजूने पुढे वाकला.

"ह्यां कसलां?"

"तुमची छाती," सत्यवती म्हणाली. "म्हापशाक काढलेली."

गोकुळदासाच्या हातातून टोक सुटलं. कृष्णनाथाने ते पुन्हा वर करायची खूण केली. त्याने डाव्या हाताचं बोट फोटोतल्या आपल्याच बरगड्यांवरून फिरवलं, सुईच्या भोकापाशी थांबवलं.

"दाते?"

"तेच्याखाल."

"मगे कापड कोण सरकयता?"

सत्यवती पुढे आली. बोलून सांगण्यापेक्षा तिने दोन्ही पंजे वाकळीवर पसरून ठेवले आणि पुढे, मागे, आडवे फिरवले. कृष्णनाथ बघत राहिला. मग त्याने वाकळ मांडीवर ओढून घेतली. सुरुवातीच्या भागावर बोटं ठेवली, जिथे टीप कुठे लांब, कुठे आखूड, कुठे एकाच जागी साचलेली होती. तिथून तो हळूहळू पुढे आला. उलट बाजू चाचपली. गाठ सापडते का बघत होता. वेल वळत वळत शेवटी सुईपाशी येत होती तिथे त्याची बोटं सारखी पुढे-मागे जात राहिली. चूक सापडली असती तर त्याने ती सोडली नसती.

"हंय लांब पडली," एका जागी तो म्हणाला.

"ती सुरवातीची."

त्याने वाकळ सोडली आणि गंधाची वाटी जवळ मागितली. डाव्या हाताने, सांडत, त्याने कातरीला गंध लावलं, पट्टीला लावलं, इस्त्रीला लावलं. मशीनच्या चाकाला लावलं, सुईच्या दांडीला लावलं. खाली वाकवत नव्हतं म्हणून गोकुळदासाने त्याचा हात धरून खालच्या, पाय मारायच्या पायट्याला लावायला मदत केली. गोकुळदास अक्षता उचलणार, तेवढ्यात कृष्णनाथाने पुन्हा गंधात बोट बुडवलं आणि ते तसंच हवेत धरून ठेवलं. सत्यवतीला वाटलं, वाकळ बाजूला घ्यायला सांगतोय. ती हलली नाही.

"हात," तो म्हणाला.

तिने लगेच दिले नाहीत. गंध त्याच्या मनगटाकडे ओघळत होतं. मग तिने दिले. त्याने आधी उजव्या पंजाला लावलं, अंगठ्याच्या सुजलेल्या सांध्यावर, मग डाव्या. एकेक फूल ठेवलं. पाटावरच्या हत्यारांवर टाकल्या तशाच चार अक्षता त्यांच्यावर टाकल्या.

गोकुळदास एकदा मशीनकडे बघत होता, एकदा काकाकडे. शेवटी त्याने हळूच विचारलं, उद्याच्या टेंपोचं काय करायचं. कृष्णनाथाने डोळे मिटून घेतले होते. पूजेनंतर तो नेहमीच थोडा वेळ डोळे मिटायचा.

"अर्दी हत्यारां हंय ठेवन अर्दी खंय व्हरतलंस?" तो म्हणाला. टेंपोचा विषय तिथेच संपला.

सत्यवतीचा राग गेला नव्हता. इतक्या वर्षांचा राग, तो गंधाच्या टिकल्याने कुठला पुसायला. पण या घरची रीत तिलाही नवऱ्याइतकीच पाठ होती. तिने स्टूल ओढलं, मशीनशेजारी बसली आणि दोन्ही हात, वरची फुलं पडू न देता, मांडीवर ठेवले.

आत चुलीवर भाताला कढ आला होता. झाकण थडथडत होतं, आणि पेज उतू जाऊन निखाऱ्यांवर चरचरायला लागली होती. ती उठली नाही.

"गोकुळदासा," ती म्हणाली, "चुलीर भात आसा. उतरून घे. आनी उद्याचो नैवेद्यय तुकाच करूचो लागतलो."