चिमणीचा दम

फुंकरबाईंचं खरं नाव दवाखान्यात येणाऱ्या मुलांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचं कामच तसं होतं. मुलाच्या नाकाला चिमटा लावायचा, तोंडात पुठ्ठ्याची नळी द्यायची आणि जीव खाऊन ओरडायचं, "फुंक, फुंक, अजून, अजून, सोडू नकोस!" पडद्यावर श्वासाची रेघ उमटायची. तीन तरी धड फुंकरा मिळेपर्यंत सुटका नाही. संध्याकाळपर्यंत मुलांपेक्षा बाईंनाच जास्त धाप लागायची. घरी नवरा म्हणायचा, "अगं, मी शेजारीच बसलोय, ओरडतेस कशाला?"

ही सगळी मुलं दिवस भरायच्या आत जन्मलेली. फुप्फुसांतल्या हवेच्या बारीक पिशव्या अजून तयार व्हायच्या होत्या, तेवढ्यात बाहेर आलेली. अशी कच्ची फुप्फुसं वाढत्या वयात मागचं भरून काढतात का, एवढंच मोठ्या डॉक्टरांना शोधायचं होतं. पण त्यासाठी तीच मुलं वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा यायला हवीत. पहिल्या पहिल्यांदा आईबाप हौसेनं आणायचे. मग कुणी घर बदललं, कुणी फोन उचलेना. आता मोजकीच उरली होती.

"आज चिमणी येतेय," मोठे डॉक्टर सकाळीच म्हणाले. "मागच्या वेळी आईनं पळायची चाचणी करू दिली नाही. या वेळी काहीही करून पटवा."

बाईंनी मान डोलावली. काहीही करून पटवायचं काम नेहमी त्यांच्याच गळ्यात पडायचं, आणि आताशा त्यांना त्याचा वीट आला होता.

जन्मली तेव्हा एका तळहातात मावेल एवढी, म्हणून वॉर्डातल्या नर्सनी तिचं नाव चिमणी ठेवलं होतं. आता ती दारात उभी राहिली ती आईपेक्षा उंच. आईच्या खांद्याला फुगलेली पिशवी. तिच्यात स्वेटर, कोमट पाण्याची बाटली, दम्याचा पंप आणि आणखी एक स्वेटर.

पहिली फुंकर नुसतीच हवा. दुसरी तशीच.

"चिमणे, मनापासून फुंक ना गं."

"नाही फुंकायचं मला मनापासून." तिनं नळी काढून टेबलावर ठेवली. "मावशी, मला आता इथं यायचंच नाहीये. मी काय आजारी आहे? अख्ख्या वर्गाला माहितीय, हिला तपासायला नेतात. खेळाच्या तासाला मी बाकावर. आई चिठ्ठी देते ना!"

"देते. देणारच," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, दमलेला होता. "काचेच्या पेटीत असताना श्वास घ्यायचं विसरायचीस तू. मी बाहेरून काचेवर बोट वाजवत बसायचे. नर्स रागवायच्या, तरी वाजवायचे. अजूनही रात्री उठते. तुझ्या पाठीवर हात ठेवून बघते."

"माहितीय मला. जागी असते मी. मुद्दाम जोरजोरात श्वास घेते, म्हणजे तू झोपायला जाशील."

आईनं पिशवीची चेन उगाचच उघडली आणि लावली.

फुंकरबाईंना मोठ्या डॉक्टरांचा चेहरा आठवला. मग त्यांनी तो विचार सोडून दिला. "तुझी इच्छा नसेल तर जबरदस्ती नाही, बाळा. आत्ता उठून गेलीस तरी कुणी अडवणार नाही."

चिमणीनं पायातल्या बुटाची नाडी घट्ट बांधली. "पळायची चाचणी करते. पण आईनं इथंच थांबून बघायचं."

"बाई, काही झालं तर?" आईनं विचारलं.

"डॉक्टर इथंच थांबतील, ताई. पंप हाताशी आहे. हे लाल बटण दाबलं की पळायचा पट्टा थांबतो. तुम्हीच उभ्या राहा त्याच्यापाशी."

मोठे डॉक्टर आले. चिमणीच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लागला आणि पट्टा सुरू झाला. आधी चालणं, मग भराभर चालणं, मग पळणं. वेणी पाठीवर आपटू लागली, गाल लालबुंद झाले. छातीतून बारीक शिटी ऐकू येऊ लागली तसा आईचा हात बटणावर गेला. चिमणीनं पळता पळताच मान हलवली. हात तिथंच थांबला. आणखी थोडं पळून तिनं स्वतःच "बस" म्हटलं. इतर मुली याहून खूप जास्त पळतात, हे फुंकरबाईंना माहीत होतं.

गुडघ्यांवर हात टेकून ती धापा टाकत राहिली. पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा जरा उतरला होता. सगळे बघत राहिले. कुणी काही केलं नाही, आणि आकडा हळूहळू वर चढला.

"आपोआप?" आईनं विचारलं.

"आपोआप," डॉक्टर म्हणाले. "दम इतरांपेक्षा कमीच आहे, ताई. कदाचित कमीच राहील. पण पळण्यानं तो बिघडत नाही. धाप लागली की थांबायचं, पंप जवळ ठेवायचा. एवढंच."

आता थोड्या थोड्या वेळानं पुन्हा फुंकरा घ्यायच्या होत्या. आई भिंतीजवळच्या खुर्चीत टेकली आणि बघता बघता तिचा डोळा लागला. मान कलली, तोंड उघडं, मांडीवर स्वेटर.

"उठवू नका ना," चिमणी पुटपुटली.

मग फुंकरबाई आयुष्यात पहिल्यांदा कुजबुजत म्हणाल्या, "फुंक, फुंक, अजून, अजून." हसू दाबता दाबता चिमणीची एक फुंकर वाया गेली. पुढची मात्र अशी लांबलचक आली की बाईंनी रेघेकडे दोनदा पाहिलं. चांगली होती. कमी होती, पण चांगली.

"पुढच्या वेळी येणार नाही हां मी," नळी परत देत ती म्हणाली.

"बरं."

मोठे डॉक्टर दारातच होते. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अजून एक गेली."

"गेली," फुंकरबाई म्हणाल्या.

आई जागी झाली, ओशाळली, घाईघाईनं पिशवी आवरू लागली. मायलेकी बाहेर पडल्या. व्हरांड्यातून आईचा आवाज आला, "खेळाच्या तासाला काय काय खेळतात गं तुमच्यात?" चिमणी सांगू लागली. ते ऐकू येईनासं झालं तसं फुंकरबाई घोटभर पाणी प्यायल्या आणि त्यांनी पुढच्या मुलाला आत बोलावलं.