बुडालेलं मैदान

त्याला घरात सगळे घारू म्हणत. आकाशातून सगळं बघतो म्हणून घार, आणि मावशीचा लाडका म्हणून घारू. एकदा सगळे जेवायला जमलेले असताना त्यानं ठोकून दिलं होतं, की आमच्या ऑफिसात बसून उपग्रहाच्या फोटोत कुणाच्या गच्चीवर काय वाळत घातलंय तेसुद्धा दिसतं. दिसत काही नव्हतं. फोटोत गच्चीच जेमतेम नखाएवढी यायची. पण मावशीनं त्या दिवसापासून आतले कपडे खरोखरच आत वाळत घालायला सुरुवात केली, आणि एवढा मान मिळाल्यावर खुलासा करणं घारूला जड गेलं.

पूर आला की त्याचं काम सोपं असे. पडद्यावर फोटोचे चौकोन येत. पाणी दिसेल तिथं निळा रंग भरायचा, कोरडी सपाट जागा दिसेल तिथं पिवळा गोल काढायचा. त्या गोलावर हेलिकॉप्टर मदतीची पोती टाकी. चौकोनांना गावांची नावं नसत, नुसते आकडे असत. नावं शोधण्यात फार वेळ जातो, असं एका बैठकीत घारूनंच सुचवलं होतं. टाळ्याही मिळाल्या होत्या.

त्या दिवशी सकाळी त्याला एका चौकोनात मैदान सापडलं. चहूकडे गढूळ पाणी आणि त्याच्या कडेला हिरवंगार, इस्त्री केल्यासारखं गुळगुळीत मैदान. शेजारी शाळेची लांबट इमारत. शाळा म्हटल्यावर मैदान असणारच. घारूनं गोल काढला आणि स्वेटरच्या बाह्या ओढून चहा घेतला, कारण पूर कितीही मोठा असला तरी ऑफिसातला एसी कमी होत नसे.

थोड्या वेळानं वैमानिकाचा निरोप आला. पोती टाकली, मैदान बुडालं.

मैदान बुडाल्यावर काय करायचं हे कुणालाच शिकवलेलं नव्हतं. मग एकजण हळूच म्हणाला, जलपर्णी असेल. ती तळ्यावर पसरली की पाण्याचा ठिपका दिसत नाही, वरून थेट हिरवळच वाटते. पिण्याचं पाणी, दुधाची भुकटी, औषधं, सगळं त्या पानांमधून खाली गेलं होतं आणि काही झालंच नाही अशा थाटात पानं पुन्हा जुळून आली होती.

विभागाच्या मॅडमनी विचारलं, हा गोल कुणी काढला.

"मशीननं," घारू म्हणाला.

मशीन म्हणजे कोपऱ्यातला संगणक. तो काही गोल आपणहून काढत असे, हे खरं होतं. हा काढला नव्हता. मॅडमनी त्याला बंद करून पुन्हा चालू करायला लावलं. संगणकाला याहून कडक शिक्षा देता येत नाही. चालू होताना त्यानं नेहमीसारखं सगळ्यांचं स्वागत केलं. घारूला त्याच्याकडे बघवेना.

तेवढ्यात मावशीचा फोन आला.

"घारू, आम्ही सगळे शाळेच्या गच्चीवर आहोत. बाकीचे फोन मेले. हा एक तुझ्यासाठी राखून ठेवलाय. मी सांगितलंय सगळ्यांना, आमचा घारू वरून बघतोय."

मग तिनं हेलिकॉप्टरची हकीकत सांगितली. लोकांनी चादरी हलवल्या, आणि त्या शहाण्यांनी पोती तळ्यात टाकली. गावातला न्हावी म्हणाला, आधी बेडकांचा नंबर लागलाय, मग आपला. तेव्हा सगळे हसले. पण शेजारणीचं बाळ दुधासाठी रडून रडून आता रडायचंही थांबलं होतं, आणि त्यानंतर गच्चीवर कुणी हसलं नव्हतं.

"तुमच्यात कुणीतरी एक गाढव आहे," मावशी म्हणाली. "त्याला शोध. हेलिकॉप्टर परत यायच्या आत त्याच्या हातून काम काढून घे."

घारूनं चौकोनाकडे पाहिलं. शाळा. तळं. सकाळपासून तो मावशीचं गाव बघत होता. शेजारी त्याचाच दुसरा गोल होता, हेलिकॉप्टर त्याच्याच दिशेनं निघालं होतं, आणि ती जागाही तितकीच हिरवीगार होती.

"मावशी, गाढव सापडलं."

"कोण मेला?"

"मीच."

पलीकडे कुणीतरी खोकलं. तो खोकला मावशीचा नव्हता.

"हाच का तुमचा घारू?" एका पुरुषानं विचारलं.

फोन स्पीकरवर होता. भाच्याचं कौतुक मावशीनं आजवर एकटीनं कधी ऐकलंच नव्हतं. घारूनं मान वळवली तर मागं मॅडम उभ्या होत्या. त्यांना स्पीकरचीही गरज पडली नव्हती.

"दुसरा गोलही माझाच आहे," तो त्यांना म्हणाला. "थांबवा त्यांना."

मॅडमनी वायरलेस उचलला. वैमानिकाला घिरट्या घालायला सांगितलं आणि घारूला म्हणाल्या, "कोरडं कुठं आहे ते त्यांनाच विचारा."

त्यानं विचारलं. अख्खी गच्ची एकदम बोलायला लागली. गुरांच्या दवाखान्यामागचा माळ. मधे कमरेएवढं पाणी आहे, पण ते आम्ही बघू. घारूनं पडद्यावर माळ शोधला. तिथं त्यानं स्वतःच्या हातानं निळा रंग भरलेला होता. ढगाची काळी सावली पडली होती, त्याला ती पाणी वाटली होती.

"तिथं तर पाणी आहे," तो सवयीनं म्हणाला.

"असेल," न्हावी म्हणाला. "आमच्या बकऱ्या सकाळपासून त्याच्यावर चालतायत."

घारूनं निळा रंग पुसला आणि गोल काढला. फोनमधून हेलिकॉप्टरची घरघर ऐकू आली, मग गलका, आणि पाण्यात उड्या मारल्याचे आवाज. पोती कोरड्यात पडली होती. त्याचे आभार कुणी मानले नाहीत, आणि मानले असते तर त्याला कुठं बघावं ते कळलं नसतं. मॅडम जाता जाता एवढंच म्हणाल्या, की त्या मशीनची माफी मागायची काही सोय आहे का बघा.

फोन अजून चालू होता. मागचा गलका एकदम बंद झाला. मावशीनं स्पीकर बंद केला होता.

"घारू," ती हळू आवाजात म्हणाली, "त्याच तळ्यात पोहायला शिकलास रे तू."

मग फोन बंद झाला. बॅटरी संपली की मावशीनंच ठेवला, ते त्याला कळलं नाही.

त्यानं चौकोन मोठा केला आणि मैदानात निळा रंग भरायला घेतला. एका काठाशी येऊन त्याचा हात थांबला. तिथं तीन करड्या रेघा होत्या. दगडी पायऱ्या. पहिली उडी त्यानं तिथून मारली होती, मावशी कमरेएवढ्या पाण्यात हात पसरून उभी असताना.

पायऱ्या फोटोत अगदी स्पष्ट दिसत होत्या. सकाळीही दिसत असणार.